म्युझियममधला लॉर्न

पोर्ट मार्लो, नोव्हा स्कोशिया
रविवार, १५ सप्टेंबर २०१९

चिरंजीव लॉर्न,

अनेक आशीर्वाद. चिरंजीव म्हटलं म्हणून हसू नकोस. बावन्न वर्षांचा झालास तरी माझ्याहून धाकटाच आहेस, आणि धाकट्यांना आशीर्वाद घ्यावेच लागतात.

मागच्या शनिवारी इथे वादळ येऊन गेलं. तुमच्या तिकडच्या बातम्यांत दाखवलं असेलच. काळजी करू नकोस, सगळे धडधाकट आहोत. कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर उडालं आणि शेजारच्यांच्या अंगणात जाऊन पडलं. मागचं सफरचंदाचं झाड आडवं झालं. चार दिवस वीज नव्हती. डग अजून छपरावर चढून खिळे ठोकतोय आणि तिथूनच मला हाका मारून चहा मागतोय. शिडी उतरून खाली यायला नको, नवरा म्हणून अगदी नमुना आहे.

आईने मात्र ते चार दिवस मजेत काढले. लाकडाची चूल पेटवली, मासे-बटाट्याचे वडे तळले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून खाऊ घातले. वीज आली तेव्हा तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "झालं, आता सगळे आपापल्या घरी टीव्हीसमोर बसणार."

फोन का केला नाहीस, असं म्हणशील. केला होता. तू उचलला नाहीस. नेहमीप्रमाणे कुठल्यातरी गव्हाच्या ट्रकमध्ये असशील. पण एका परीने बरंच झालं, कारण या घरात फोनवर बोललेलं सगळं आईला ऐकू जातं. तिचे कान मांजरासारखे तिखट झालेत. म्हणून वरच्या खोलीत, तुझ्याच जुन्या टेबलाशी बसून लिहितेय. तू चाकूने कोरलेलं ते डुकराचं तोंड अजून आहे त्यावर. ते डुक्कर म्हणजे मी, हे मला तेव्हाच कळलं होतं.

काल मी आईला घेऊन आपल्या मासेमारीच्या म्युझियममध्ये गेले होते.

तुला आश्चर्य वाटेल. तिचं त्या म्युझियमबद्दलचं मत तुला माहीत आहे. "उभा जन्म घरात माशांचा वास घेतला, आता तिकीट काढून घ्यायला कशाला जाऊ?" आणि काल सकाळी लापशी खाताखाता तीच म्हणते, "मर्ना, आज मला लॉर्नकडे ने."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. वाटलं, आता हिचं डोकंही गेलं. म्हटलं, "अगं आई, सस्कॅचेवान काय इथे कोपऱ्यावर आहे? गाडीने निघालो तर आठवडा जाईल."

"तो लॉर्न नाही गं, बावळट. आपला इथला."

आपला इथला. हॅलिफॅक्सहून ती बाई आली होती, म्युझियमसाठी पुतळे करायला, आठवतं? तिला कुणाचातरी खरा चेहरा हवा होता, आणि तू बावीस वर्षांचा, दिसायला बरा, आणि फुकटात तयार. तुझ्या नाकात नळ्या घालून तोंडावर प्लॅस्टर थापलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "जन्मल्यापासून पहिल्यांदा हा इतका वेळ गप्प बसलाय." तो पुतळा अजून तिथेच आहे बरं. पिवळा मेणकापडी कोट घालून, टेबलावर वाकून कॉड मासा कापतोय. गावातले सगळे त्याला लॉर्नच म्हणतात. शाळेची पोरं त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात.

दारात तिकिटांवर क्लेटन असतो हल्ली. शाळेत तुझ्या शेजारी बसून पेन्सिली खायचा तोच. आईला बघून तो खुर्चीतून उठलाच. "एल्व्हा काकू! आलात शेवटी! तुमचा मुलगा इथे तीस वर्षं बिनपगारी राबतोय, कधी डबा तरी घेऊन यायचा!"

आई म्हणाली, "उभाच ठेवतोस का रे त्याला? कधी बसवतोस की नाही?"

"बसवला तर पर्यटक तक्रार करतील, काकू. म्हणतील, इथले कोळी आळशी."

"मग आळशी नाहीत की काय? तुझा बापच बघ."

क्लेटन इतका हसला की मागची माणसं रांगेत ताटकळली. मग आम्हाला घेऊन तो स्वतः आत आला. आईने माझा दंड धरला होता. मी तिला एकेक वस्तू दाखवत होते, ही जुनी होडी, हे जाळं, ही जहाजं, आणि ती नुसती "हं हं" करत मला पुढे ढकलत होती. तिला दुसरं काही बघायचं नव्हतं.

पुतळ्यापाशी आलो. त्याच्या डोक्यावर आता लोकरीची टोपी आहे. क्लेटन म्हणाला, मागच्या हिवाळ्यात त्याच्या केसांना कसर लागली, टकलावर काहीतरी घालायला हवं म्हणून टोपी. आईने लगेच मला विचारलं, "आणि खऱ्याला? त्याला आहेत का गं केस अजून?"

मला सांगता आलं नाही, लॉर्न. नाताळच्या कार्डात तू केसांबद्दल काही लिहीत नाहीस.

आई पुतळ्याभोवतीच्या दोरीपाशी उभी राहिली. मान तिरकी करून, कोंबडी बघते ना तशी, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने बघत राहिली. मग म्हणाली, "क्लेटन, हात लावू का त्याला?"

तिथे भली मोठी पाटी आहे, हात लावू नये म्हणून. क्लेटनने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला काय कळायचं ते कळलं असावं. त्याने दोरीचा आकडा सोडला आणि म्हणाला, "मी जरा त्या खिडकीतून बंदराकडे बघतो, काकू. माझ्या पाठीला डोळे नाहीत."

पुतळा वाकलेला आहे म्हणून आईचा हात पोचला. तिने आधी कपाळावर हात ठेवला, जसा ताप बघायला ठेवतात तसा. मग भुवया, नाक, गाल. कुठेही घाई नाही. हनुवटीवर आली आणि तिचं बोट थांबलं. "ही बघ," मला म्हणाली, "घसरगाडीवरून पडला होता ती." प्लॅस्टरमध्ये तुझ्या हनुवटीची खोक उतरलीय, लॉर्न. मी इतक्या वेळा तो पुतळा पाहिला, मला कधी दिसली नव्हती.

तेवढ्यात बसमधून उतरलेल्या पाहुण्यांचा एक घोळका आत आला. त्यातल्या एका लहान मुलीने आपल्या आईला विचारलं, "ती आजी काय करतेय?" तिच्या आईने तिला गप्प केलं, पण आपल्या आईने ऐकलं होतं. मागे न वळता म्हणाली, "माझ्या मुलाचं तोंड पुसतेय, बाळ. केवढी धूळ बसलीय."

मग हात खाली घेतला आणि मला म्हणाली, "हा बावीसचा आहे, मर्ना. बावन्नचा कसा असेल?"

आता सांगतेच. मी तुला लिहिणार नाही असा तिला शब्द दिला होता, आणि मी या पत्रात आतापर्यंत छप्पर, कोंबड्या, डग, सगळं लिहून तो पाळायचा प्रयत्न केला. आईचे डोळे जातायत. मार्चमध्ये हॅलिफॅक्सच्या डॉक्टरांनी सांगितलं. दोन्ही. एकदम अंधार होत नाही म्हणे, कडेकडेचं दिसत राहतं, पण नजरेचा मधला भाग आधी जातो. म्हणजे समोर जे असेल तेच नेमकं दिसत नाही. माणसाचं तोंड दिसत नाही. मागच्या नाताळात तुला पाठवलेले मोजे एक लांब, एक आखूड निघाले असतील. तू काही बोलला नाहीस. ते तिच्या म्हातारपणामुळे नव्हतं. ते शेवटचे मोजे होते, आता विणकाम बंद आहे. गावात काहींना वाटतं की एल्व्हा हल्ली तोंड फिरवून बोलते, शिष्ट झाली. ती तोंड फिरवते कारण तिरकं पाहिलं तर थोडं दिसतं.

माझं तोंड तिला पाठ आहे, रोजचं आहे. तुझं कुठून आणायचं? म्हणून ती तिथे गेली.

बरं, इथवर आले आहे तर पुढचंही लिहिते, कारण खरं काय झालं ते पुढेच झालं.

बाहेर आलो. धक्क्याला ते जुनं शिडाचं जहाज बांधून ठेवलेलं असतं, त्यावर चढून बघता येतं. ऊन छान पडलं होतं. वादळाने पाणी अजून गढूळ होतं, पण जहाज अगदी पाळण्यासारखं स्वस्थ. म्हटलं, चल, वर जाऊन येऊ, मी हात धरते. फळीपाशी नेलं. तिने एक पाय फळीवर ठेवला आणि जी थांबली, ती हलेना. माझ्या दंडावर तिची बोटं रुतली.

मी म्हटलं, "आई, दोन्ही बाजूंना कठडा आहे. दिसत नसलं तरी मी आहे ना."

"दिसण्याचं नाही गं ते," ती म्हणाली. तिच्या ओठांवरचा रंग गेला होता. "मला इथून ने. आधी ने."

आम्ही बाकावर बसलो. मी पळत जाऊन माशांच्या दाट सुपाच्या, चाउडरच्या, दोन वाट्या आणल्या. तिने अर्धी वाटी संपवली, तोंडाला रंग आला, आणि मग म्हणाली, "डोळे चांगले होते तेव्हाही, एक दिवस सोडला तर, मी कधी बोटीत चढले नाही, मर्ना. तुझ्या कधी लक्षात आलं का?"

मी आठवायला लागले. बेटावरच्या सहली आठव तू. बाबा आपल्याला घेऊन जायचे आणि आई घरी. कधी तिचा पाव भट्टीत असायचा, कधी डोकं दुखायचं, कधी कुत्र्याला कोण सांभाळणार. जन्मभर कोळ्याची बायको, आणि मी एकदाही विचारलं नाही की ही का येत नाही.

ती म्हणाली, "लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तुझे बाबा मला नवी बोट दाखवायला घेऊन गेले. मी अर्ध्या धक्क्यापर्यंत चालले आणि तिथेच मट्‌कन बसले. वाटलं, आता हा माणूस मला माहेरी पाठवणार. ते शेजारी येऊन बसले, पाईप ओढला, आणि म्हणाले, 'चल, घरी जाऊ.' बस. पुन्हा तो विषय नाही."

"म्हणजे बाबांना माहीत होतं?"

"त्यांनाच माहीत होतं. लॉर्नच्या त्या हिवाळ्यानंतरही त्यांनाच कळलं."

तो हिवाळा मी तुला काय सांगणार? इंजिन बंद पडलेल्या बोटीत तू आणि बाबा बर्फात भरकटलात, आणि ओढून आणलेल्या बोटीतून तू उतरलास तो पुन्हा कधी चढला नाहीस. धक्क्यावरची माणसं काय काय बोलली ते मी ऐकलंय. म्युझियममधला लॉर्न खऱ्यापेक्षा जास्त मासे मारतो, हा विनोद कुणी केला होता तेही मला माहीत आहे. त्याने नंतर स्वतःची बोट खडकावर घातली, मला फारसं वाईट वाटलं नाही.

आई सांगत होती, "तेव्हा एके संध्याकाळी तुझे बाबा घरी आले, बूट काढले, आणि मला म्हणाले, 'एल्व्हा, पोरगा तुझ्यावर गेलाय.' रागाने नाही गं. तुम्ही लहान असताना कुणाचं नाक कुणासारखं म्हणायचे ना, तसं. लाडाने."

लॉर्न, मी हे ऐकलं तेव्हा माझ्या वाटीतलं चाउडर थंड झालं होतं. मी विचारलं, "मग तू हे त्याला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? कोळ्यांच्या गावात राहून? वाटलं, जाईल आपोआप भीती. मग तोच गेला."

आणि मग ती त्या दिवसाबद्दल बोलली. आपण दोघांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. बाबांची राख समुद्रात सोडायला गेलो तो दिवस. सगळे बोटीत चढलो, तू धक्क्यावर थांबलास. कुणी काही म्हटलं नाही, बोट निघाली. परत आलो तेव्हा तू गेला होतास. नऊ वर्षं झाली. मला तुझा राग आला होता, हे तुला माझ्या कार्डांवरून कळलंच असेल. आईही त्याबद्दल बोलायची नाही, आणि मला वाटायचं की तिच्याही मनात तेच आहे. तुलाही तसंच वाटत असणार. म्हणूनच हे अगदी तिच्या शब्दांत लिहितेय, एक शब्द माझा नाही.

"त्या दिवशी मी डोळे मिटून चढले. मी नसते तर तिथे कोण असणार होतं? सगळे पाण्याकडे बघत होते, राखेकडे. मी धक्क्याकडे बघत होते. तो उभा होता, टोपी हातात धरून. लहान लहान होत गेला. आणि मला एकच वाटत होतं, यांनी बोट वळवावी आणि मला त्याच्याजवळ नेऊन सोडावं. आम्ही दोघं तिथे बरे उभे राहिलो असतो."

मग म्हणाली, "चाउडरमध्ये मीठ कमी आहे," आणि उरलेलं सगळं खाल्लं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

पत्र परवाच टाकणार होते. टाकलं नाही. शब्द दिलेला मोडताना माझेही पाय अडखळतात.

आज सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आई बटाटे सोलत बसली होती. हल्ली न बघताच सोलते, आणि तुझ्या-माझ्यापेक्षा पातळ साल काढते. मान वर न करता म्हणाली, "संपलं का पत्र?"

"कसलं पत्र?"

"वरती दोन दिवस कागद कुरकुरतोय. उंदीर असता तर डगने पकडला असता. काय लिहिलंस?"

"वादळाचं."

"आणि डोळ्यांचं?"

"नाही," मी म्हटलं. तोंडावर खोटं बोलले. तिला माझं तोंड दिसत नाही याचा पहिल्यांदाच फायदा घेतला, आणि त्याची लाज अजून जात नाही.

"बरं केलंस," ती म्हणाली. "कीव येऊन यायचं असेल तर येऊ नको म्हणावं. कीव करायला इथे माणसं कमी नाहीत." तिने एक बटाटा संपवला, दुसरा घेतला. तोही संपवला. मग म्हणाली, "पण सहजच यायचं असेल, तर बर्फ पडायच्या आत ये म्हणावं. नंतर रस्ते वाईट होतात."

दुपारी बघते तर समोरची खोली झाडलेली. पलंगावर निळी गोधडी. मी विचारलं, कोण येणार आहे? म्हणाली, "कोण येणार? गोधडीला ऊन दाखवत होते." खोली उत्तरेकडची आहे, तिथे ऊन येत नाही.

म्हणून मी पत्र टाकतेय. आई म्हणते कीव नको, आणि तिचं बरोबर आहे. कीव येऊन येऊ नकोस. डॉक्टर म्हणतात वसंतापर्यंत कडेचंही धूसर होईल, पण त्यासाठीही येऊ नकोस. या गावात आणखी एक माणूस आहे, जिला पाण्याची तुझ्याइतकीच भीती वाटते, आणि तिने ती साठ वर्षं पावाच्या भट्टीमागे लपवली. त्या माणसाला भेटायला ये. तिने हे आधी तुला सांगायला हवं होतं आणि मी आधी विचारायला हवं होतं, पण आता ते राहू दे.

बोटीत कुणी बसायचं नाही. धक्क्यावरही जायचं नाही. क्लेटनला सांगून ठेवते, तोही काही बोलणार नाही. बोललाच तर त्याच्या पेन्सिलींबद्दल त्याच्या बायकोला सांगेन.

आलास की मागच्या दाराने ये, ती स्वयंपाकघरातच असेल. "मी आलो" वगैरे म्हणू नकोस, तुझी पावलं तिला फाटकापासूनच कळतील. नुसता तिच्या समोर जाऊन उभा राहा आणि जरा खाली वाक. तिचा खांदा आता दुखतो, हात फार वर जात नाही.

शब्द मोडून मोकळी झालेली, तुझी वाट बघणारी,
तुझी ताई,
मर्ना